वाघ म्हणायचं नाही

३ नोव्हेंबर
आजपासून हर्षालीचं शिक्षण मी हातात घेतलं. अडीच वर्षांची पोरगी मांजराला वाघ म्हणते. गेटवरचं मांजर वाघ, जिन्यातलं पिल्लू वाघ. नर्सरीचा इंटरव्ह्यू तोंडावर आलाय. मंजुषा म्हणते, मुलं सुरुवातीला एकच नाव सगळ्यांना देतात, आपोआप सुटतं. बायकोचं हे असंच. आपोआप काही होत नसतं. फ्लॅशकार्ड मागवली.

७ नोव्हेंबर
प्रगती उत्तम. म्हैस गाय, शेळी गाय, माझ्या साहेबांचा फोटो गाय. साहेबांचं दुरुस्त केलं नाही. मांजर मात्र अजून वाघच. माझा आवाज जरा चढला. ती रडली. शिस्त लागताना रडतातच.

१२ नोव्हेंबर
नवा नियम. वाघ हा शब्दच बंद. मिशा दिसल्या की माऊ. चुकली तर बिस्किट नाही. संध्याकाळपर्यंत एकही चूक नाही! मंजुषा म्हणाली, कार्डावरच्या वाघालाही माऊ म्हणतेय. म्हटलं, शास्त्रात दोघं एकाच कुळातले. पालकांसाठी यूट्यूब चॅनल काढावं का?

१६ नोव्हेंबर, सायखेडा
सासुरवाडीला आलोय. संध्याकाळी अंगणात खाटेवर मोबाईल बघत होतो. हर्षालीनं बाही ओढली, हळूच म्हणाली, बाबा, वाघ. मी मान वर न करता सांगितलं, माऊ म्हण. माऊ म्हणाली. शाब्बास म्हणून बिस्किट दिलं. ती ते माऊला द्यायला निघाली.
ओसरीवरून सासूबाई किंचाळल्या तेव्हा वर पाहिलं. अंगणापलीकडच्या उसाच्या कडेला बिबट्या बसलेला. सासूबाई अनवाणी धावल्या, पोरीला उचलून घरात नेलं. शेजाऱ्यांनी डबे वाजवले, तेव्हा तो उसात शिरला. माझे पाय खाटेवरून खाली उतरलेच नाहीत.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पोरगी सांगत व्हती ना वाघ हाय म्हनून! इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मी समजावलं, दोन्ही प्राणी वेगळे, म्हणजे तसं दोघींचंही चुकलंच. मंजुषा माझ्याकडे बघतही नाही. खूप भीती वाटतेय. अक्षर वाकडं येतंय ते पेनामुळे.

२३ नोव्हेंबर, नाशिक
नियम बदलला. वाघ शब्द पुन्हा चालू, चुकलं तरी बिस्किट मिळणार. नव्या दमानं सुरुवात.
सकाळी गेटवर मांजर आलं. हर्षाली माझ्याच मांडीवर होती. बराच वेळ बघत राहिली. मग खाली उतरली, स्वयंपाकघरात गेली आणि ते काय आहे हे आईला विचारून आली.
मीही सांगितलं असतं.