काचेची झीज

५ जून, अहमदपूर
नोकरी लागली! सकाळच्या एसटीने आले. वसंतराव सर निवृत्त प्राध्यापक. कॉलेजने मागची एक खोली त्यांना प्रयोगांसाठी दिली आहे. काचसुद्धा पाण्यात विरघळते, फक्त फार सावकाश, हे त्यांनी मला किती आनंदाने समजावलं. टाकीतल्या पाण्यात ते अल्ट्रासाउंड सोडतात. आवाज आपल्या कानापलीकडचा, पण पाण्यात लाखो बारीक बुडबुडे उठतात, फुटतात आणि काच कुरतडतात. काचेच्या पट्ट्या तोलून झीज लिहायची, हे माझं काम. झाडलोट करणाऱ्या कोंडाबाईंनी आल्या आल्या चहा दिला. "बिलोलीची हाईस व्हय? मग आमचीच की!" म्हणाल्या.

१४ जून
साध्या पाण्यातली पट्टी जेमतेम झिजते, आवाजाच्या लहरींतली तिच्या सातपट. सर खुशीत. मीही.

२० जून
दोन दिवस वीज नव्हती, यंत्र बंद. तरी पट्टी झिजली. चारदा तोलली, काट्यात दोष नाही. सर म्हणाले, याचीच वाट बघत होतो. कुणाला बोलू नकोस.

२३ जून
टाकी धुताना कोंडाबाईंच्या हातातल्या काचेच्या बांगड्या केसाएवढ्या बारीक होऊन गळून पडल्या. नवऱ्याच्या काळजीने त्या रडत बसल्या. मी सरांना म्हटलं, हे थांबवू या. त्यांनी नवी पट्टी पुढे केली. मी ती तोलली. स्वतःची लाज वाटते.

२७ जून
रिकामी बादली उचलताना कोंडाबाईंचं मनगट मोडलं. नांदेडच्या दवाखान्यात भेटून आले. डॉक्टर म्हणतात, सगळी हाडं आतून झिजलीत. कोंडाबाईंनी जवळ बोलावलं. "पोरी, त्या पान्यात हात घालू नगं. ते आता मान्सात शिरून राहिलंय."
मी रोज हात घालते.

२८ जून
यंत्राची वायर तोडली. टाकी ओतून दिली. सर खुर्चीतून उठू शकले नाहीत, पाय धरतच नाहीत म्हणाले. दवाखान्यात चला म्हणून हात जोडले. नको म्हणाले, मोजत राहा.
आवाज थांबलेला नाही. आता तो मला ऐकू येतो. दातांत.

३० जून, बिलोली
घरी पळून आले. आज दुपारपर्यंत खिडकीची काच इतकी पातळ झाली की वाऱ्याने फाटली. फुटली नाही — फाटली. आई म्हणाली, कालपासून गुडघे लई दुखून राहिलेत.
काल मी आले.
ते टाकीत नाही. माझ्यात —

१ जुलै, अहमदपूर
कुणाला न सांगता परत. प्रयोगाच्या खोलीला आतून कडी लावली. सर खुर्चीतच होते. हाक मारली, खांद्याला हात लावला. खांदा आत गेला — गार — सर कधीच गेले होते.
घरी धम्मानंददादाला फोन केला. दादा, आईला इकडे येऊ देऊ नको. तो म्हणाला, ती तर तुझ्या मागोमाग सकाळीच निघाली.

दुपार
डावा हात मोडला. उजव्याने लिहितेय. आवाज वाढलाय —
दारावर थाप. आई. "समीक्षे, दार उघड माय."
ओरडले, मागं फिर, माझ्याजवळ येऊ नको. ती म्हणते, माझ्या लेकराला सोडून कुठं जाऊ?
दाराला काचेचं तावदान आहे. त्यातून तिचा चेहरा फार स्वच्छ दिसतोय — क्षणाक्षणाला जास्तच — ती हात टेकवतेय — आई, नको, ती काच आता —