फाटकासमोरच्या खारट कांडीची वाटणी

मी, खाली सही करणारी, काचकारखान्याच्या फाटकासमोरील आइसकांडीच्या दुकानाची मालकीण, जिला सगळे खारीमावशी म्हणतात, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दबावाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

माझ्या पश्चात दुकान व वरच्या दोन्ही खोल्या मुलीच्या मालकीच्या होतील. हे सर्व माझ्या स्वकष्टाचे आहे. दुकान कसे उभे राहिले याबद्दल बाजारात भलतेच सांगितले जाते, म्हणून खरे ते येथे नमूद करते.

माझे पती कारखान्यात भट्टीवर होते. एका उन्हाळ्यात भट्टीपुढेच त्यांना भोवळ आली. सोबत्यांनी उचलून घरी आणले. डॉक्टर म्हणाले, "मीठ-साखरेचं पाणी पोटात ठरलं पाहिजे, नाहीतर कठीण आहे." पण घोटभरही ठरेना. घरात रडारड सुरू झाली. मी लिंबू, मीठ, साखर पाण्यात कालवून स्टीलच्या पेल्यांत ओतले, मधोमध चमचे खोचले आणि बर्फाच्या कारखान्यातून गोठवून आणले.

पहिली कांडी ओठाला लागताच हे पुटपुटले, "अगं, साखर समजून मीठ घातलंस की काय?"

"चोखा मुकाट्यानं," मी म्हटले.

थेंब थेंब आत गेला आणि ठरला. संध्याकाळी त्यांनी आपणहून दुसरी मागितली, तेव्हा कुठे मी दाराआड जाऊन रडले. त्यानंतर ते बरीच वर्षे जगले, नातीचे लग्न पाहूनच गेले.

बरे झाल्यावर ते सोबत्यांसाठी डबाभर कांड्या नेऊ लागले. पुढच्या उन्हाळ्यात मी फाटकासमोर दुकान मांडले.

धाकटे दीर "ही कांडी माझ्या डोक्यातून निघाली" असे गावभर सांगतात. त्या दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, आजारी माणसाला बर्फ? वेड लागलंय का?" हे मी विसरलेले नाही. तरीही दुकानाची कांड्या फिरवायची हातगाडी त्यांनाच देते. शाळेपर्यंत, बसथांब्यापर्यंत कांडी त्यांनीच पोचवली. त्यांच्या तोंडाला कुलूप असते, तर ती फाटकातच विरघळली असती. मात्र गाडीवर 'वहिनीची खारट कांडी' असे लांबून वाचता येईल एवढे ठळक रंगवून घ्यावे.

बँकेतली ठेव सुनेला. तिला कॉफीची कांडी काढायची आहे. मी आधी नाक मुरडले, मग दोन खाल्ल्या. तिने खुशाल काढावी.

खारट कांडीची कृती कोणा एकाची नाही. विचारेल त्याला सांगावी. लिंबाची बी मात्र राहू देऊ नये, कडवट होते.

मी जाईन तेव्हा उन्हाळा असेल, तर दुकान बंद ठेवू नये. शिफ्ट सुटून भट्टीवरून आलेला माणूस बंद दारासमोर उभा राहता कामा नये. मुलीला रडायचे असेल, तर तिने गल्ल्यावर बसून रडावे.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: उन्हाळा लागला त्या आठवड्यातला सोमवार
सही: खारीमावशी

हिने आमच्यादेखत वाचून सही केली. आम्ही तिच्यादेखत करतो.
साक्षीदार: भट्टीचे निवृत्त मुकादम
साक्षीदार: बर्फ कारखान्याच्या मालकीणबाई