समुद्राकडे तोंड करून

सर, परवा कोकणातल्या त्या कातळावर पुन्हा गेले होते. या वेळी पुण्याहून मुलांना घेऊन जाणारी मी होते. तेच लाव्ह्याचे काळे, सहा कडांचे खांब, एकमेकांना खेटून उभे. माणूस नाही, होडी नाही. आपलाच आवाज मोठा वाटावा इतकं शांत. तिथे जायला वाळूची एकच अरुंद पट्टी, तीही ओहोटीपुरती, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

तुमचा नियम होता, एकाने खांबांकडे पाठ करून बसायचं. फक्त समुद्र बघायचा आणि खुणेच्या दगडाला पाणी लागलं की हाक मारायची. त्या वर्षी तुम्ही मला बसवलंत. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणालात, “अगं, कोट्यवधी वर्षं थांबलेत ते. तुझ्यासाठी आणखी तासभर थांबतील.” पण इतर जण खांबांचे कोन मोजताहेत आणि वर्गात पहिली येणारी मी लाटा बघत बसलेय, हे मला सोसेना. पाचच मिनिटं, म्हणून उठले. मग कमरेएवढ्या पाण्यातून आम्हा सगळ्यांना पार करताना तुम्ही घसरलात आणि तुमचा गुडघा कायमचा गेला. कॉलेजात तुम्ही सांगितलंत, “भरतीची वेळ बघण्यात माझी चूक झाली.” तुमच्या सहली बंद झाल्या. मी गप्प राहिले. तुम्ही गेलात तेव्हा बिबवेवाडीच्या घरी आले होते. तुमच्या पत्नीने जवळ बसवून घेतलं, तुम्ही माझं किती कौतुक करायचात ते सांगितलं, आणि मी तेव्हाही गप्पच.

परवा एका मुलीला बसवलं. ती जागची हलली नाही. “मॅडम, पाणी लागलं!” अगदी वेळेवर हाक मारली तिने. मी शेवटच्या खांबाचा कोन घेत होते. “दोन मिनिटं,” म्हणाले. ती पुन्हा ओरडली, आवाज चिरकला तिचा, “मॅडम, पट्टी दिसत नाहीये!” तेव्हा कुठे मी मान वर केली. अकरा मुलं हात धरून चाललीत, पाणी छातीशी आलंय आणि मी डोकी मोजतेय, परत परत मोजतेय. सगळी बाहेर आली. एकाचा पाय खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापला, टाके घालावे लागले.

आज विभागप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला. “समुद्राने आपल्याला आधी नोटीस द्यायला हवी होती का?” एवढंच म्हणाले. दुपारी ती मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी आली. “मॅडम, मीच लेट हाक मारली असं लिहा ना. मला काय, फार तर ओरडतील. तुमच्या ट्रिप्स बंद होतील नाहीतर.”

खुलासा लिहून झालाय. परवाचं सगळं खरं लिहिलंय. तुमच्या वेळचं लिहायला कागदावर जागा नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातलीय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते राहील माझ्याच खणात. पण एक गोष्ट खुलाशातही नाही. त्या मुलीला मी “नाही, असलं काही करायचं नाही” म्हणाले खरी. पण लगेच नाही, सर. आधी मी तिला आत घेतलं आणि दार लावलं.