बादलीतलं घड्याळ

ती. मामांस साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा तुमच्यावरचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील. मी ठीक आहे, फक्त बूड एका जागी टिकत नाही. एवढं लिहितानाच तीनदा उठलो. (हे चौथ्यांदा.)

तुमच्या शब्दावर टेबलांच्या कारखान्यात लागलो, हे तुम्ही जाणताच. इथे लाकडाच्या फटींत पातळ रेझिन ओततात आणि ते काचेसारखं कडक होतं. त्यात ते घट्ट करणारा हार्डनर मिसळला की वीस मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. मिस्त्रींचा नियम एकच, बादलीपाशी गप्पा नाहीत. मला वाटायचं, माणूसच घुमा आहे. काल त्यांनी पहिल्यांदा अख्खी बादली माझ्यावर सोपवली. हे काम जमलं तर नोकरी कायम, नाही जमलं तर घरचा रस्ता.

मी ढवळत होतो, तेवढ्यात पॉलिशवाल्याने विचारलं, हे पातळ पाणी घट्ट होतं तरी कसं? मामा, चाळीस वर्षं रसायन शिकवलेल्या माणसाचा भाचा अशा वेळी गप्प बसेल? मी सांगितलं, की यात छोटे छोटे सुटे रेणू असतात. रेझिनचा रेणू हार्डनरचा हात धरतो, हार्डनर दुसऱ्या हाताने पुढच्याला धरतो, असे हजारो जुळत जातात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि या धरपकडीत सगळे तापतात. त्याला समजेना, म्हणून मी त्याला, सुताराला आणि जेवायला निघालेल्या कारकूनबाईंना हात धरून उभं केलं. (बाई नाखूश होत्या, पण पुढे रमल्या.) प्रात्यक्षिक इतकं रंगलं, की बादलीतून धूर निघाला तो मला शेवटी दिसला. काठी उचलली तर बादलीही वर आली.

मिस्त्री आले, बादलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता बोल, हवं तेवढं." निकाल सोमवारी देणार आहेत. मामीला सांगू नका.

तुमचा, भाचा

ता. क. : वेळ बघायला तुम्ही दिलेलं किल्लीचं घड्याळ पट्टा ढिला असल्याने ढवळताना निसटलं. वीस मिनिटं झाली का, हे बघायला हात वर केला तेव्हा मनगट रिकामं होतं. येत्या रविवारी सत्काराला ते तुमच्या हातात हवंय, हे लक्षात आहे. बादली कापून काढली. आतला गोळा थोडा पिवळा पडलाय, दोन तडे गेलेत, पण घड्याळ स्पष्ट दिसतं. हातात मात्र घालता येणार नाही. वजन अडीच किलो.

आणखी एक : ते अजून चालतंय. किल्ली द्यायला जागा नाही, त्यामुळे हे पत्र पोचेपर्यंत थांबलेलं असेल. म्हणून सारखा उठून बघतोय. एकदा जुळलेली ही साखळी पुन्हा सुटत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. चाळीस वर्षांत एखादी गोष्ट चुकीची शिकवली असेल, तर ती हीच आहे असं उलट टपाली कळवा.