बेसिनमधली पाठशाळा

१२ नोव्हेंबर, मंगळवार
रुग्णालय, दुसरा मजला

चि. चिंगीस, तुझ्या दादाचे भरघोस आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी हात धुण्याच्या बेसिनला आडवी चिकटपट्टी मारली, आणि तीही मी कप घेऊन समोर उभा असताना.

"सर, उरलेला चहा इथे ओतायचा नाही."

"अहो बाई, सगळेच ओततात."

"म्हणूनच!"

खरंच सगळे ओततो. चहा, दूध, सरबत, सलाइनच्या बाटलीतलं उरलेलं साखरपाणी. कप विसळायला खालच्या मजल्यावर कोण जातं? जंतूंना मात्र बसल्या जागी पंगत.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी मग मला नीट समजावलं. बेसिनच्या नळीत बुळबुळीत थर साचतो, त्यात नाना जातींचे जंतू नांदतात. एखाद्याकडे औषधाला दाद न देण्याचं जनुक असलं, की तो त्याची नक्कल शेजाऱ्याला देऊन टाकतो, शेजारी परजातीचा असला तरी.

"म्हणजे विद्यादानच की," मी म्हणालो.

"हो सर. आणि एकदा शिकला की त्याची सगळी पिल्लावळ शिकलेलीच जन्मते."

चिंगे, मी जन्मभर पोरांकडून संस्कृतातला 'देव' चालवून घेतला. मधल्या सुट्टीपर्यंत विसरायची. इथे ना पाठांतर, ना छडी!

हसलीस ना? आता पुढचं वाच.

वहिनीचं मांडीचं हाड नीट बसलं, हे फोनवर सांगितलं ते खरंच आहे. पण तिला ताप आहे आणि तो लघवीतल्या जंतूंचा आहे, ते मात्र मी गिळलं. पहिल्या तपासणीत जंतू अगदी साधा होता, साध्या औषधाने मरणारा. परवाच्या तपासणीत जंतू तोच, पण नेहमीच्या एकाही औषधाला जुमानत नाही. बेसिनच्या तपासणीत सापडलेल्या दुसऱ्याच जातीच्या जंतूकडे होतं तेच जनुक आता त्याच्याकडे आहे. कुणाच्या हातावरून आलं, कळायला मार्ग नाही.

कालपासून एक जुनं औषध सुरू केलं आहे. ते मूत्रपिंडांना बाधतं, म्हणून सहसा देत नाहीत.

"आणि याने नाही भागलं तर?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई चष्मा पुसत राहिल्या.

वहिनीला यातलं काही ठाऊक नाही. आज सकाळी मी हातांना बाटलीतलं औषध चोळत होतो, तर म्हणते, "अहो, लग्नात माझा हात धरलात तेव्हा तरी एवढे स्वच्छ होतात का?" आणि हात पुढे केला. मी धरायला गेलो, आणि माझा मागे घेतला.

"काय हो?"

"काही नाही. अजून ओले आहेत."

तिने हात पांघरुणात घेतला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तू सुट्टी लागल्यावर यायचं म्हणत होतीस. तोवर थांबू नकोस. दुपारपासून तिला लघवी जवळजवळ झालेली नाही. ती इथून घरी परत येणार नाही, असं मला वाटतंय. मला फार भीती वाटते आहे, चिंगे.

तुझा,
दादा