आमेन मीच मोठ्याने म्हटलं

१ फेब्रु., रविवार
नात आज पुन्हा हसली. फोनमध्ये. मनी म्हणते, "गॅस असतो आई तो, एवढ्यात कुठे हसतात." असू दे गॅस. माझं तोंड बघूनच होतो ना? मनीच्या लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेलं लेकरू, ते तिकडे पुण्यात, आणि मी इथे हैदराबादला, अंबरपेठेत फोनला मुके देत बसलेय. काच पदराने पुसून घेतली.

मनीची रजा मार्चअखेर संपते. सासू नाही तिला. "आई, सहा महिने तरी ये. एवढीशी कशी टाकू पाळणाघरात?" मी येते म्हटलं. विचार न करताच म्हटलं. मग भाजी फोडणीला टाकताना संडे स्कूल आठवलं आणि मोहरी जळाली.

चर्चमध्ये लहानांच्या वर्गाला आता मी आणि रूथ दोघीच उरलो. सुवार्ता लग्न होऊन नांदेडला गेली, जॉनला कामावर रविवारची पाळी लागली. दोघांना मीच शिकवलं होतं. शिकवून तयार केलं की जातातच. नियम असा, वर्गात मोठी माणसं दोन पाहिजेत, एकट्याने लेकरं घेऊन बसायचं नाही. नियम चांगलाच आहे. पण मी गेले की रूथ एकटी, म्हणजे वर्ग बंद. लेकरं मोठ्यांच्या उपासनेत बसतील, चुळबुळ करतील, आईचा चिमटा खातील. मग यायचीच बंद होतील.

३ फेब्रु.
आबिड्सच्या बाजारात गेले, नातीच्या टोपीला लोकर घ्यायला. पिवळी घेतली. दुकानदार म्हणाला, "अम्मा, बच्ची है तो पिंक लेओ." नक्को म्हटलं, पिवळीत बाळ उजळ दिसतं. तिथेच दोन दुकानं सोडून रूथ साड्यांच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकापुढे ढीगभर साड्या उलगडून बसली होती. गिऱ्हाईक काही न घेता उठलं. रूथ हसून घड्या घालायला लागली. एवढा सोशिकपणा आहे पोरीत. वर्गात मात्र लवकर रडकुंडीला येते, का कोण जाणे.

८ फेब्रु., रवि.
पाळकसाहेबांना सांगितलं. उपासनेनंतर सगळे चहा घेत होते तेव्हा. म्हटलं, साहेब, लेकीकडे जायचंय, माझ्या जागी कुणीतरी बघा. ते म्हणाले, "आजी, प्रार्थना करू या." पा.सा. प्रार्थना करू या म्हणाले की समजायचं, नाही.
बिस्कीट चहात पडलं ते वेगळंच.

१५ फेब्रु., रवि.
काय करून बसले मी.
उपासनेच्या शेवटी पा.सा.नी मला पुढे बोलावलं. मला वाटलं, निरोप देतायत. मनात म्हटलं, प्रभूची कृपा, सुटले. शाल आणली होती, जांभळी. लेकरांनी गाणं म्हटलं, छोट्या प्रशांतचा सूर लागलाच नाही पण तोंड एवढं मोठं उघडलं होतं. मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. पा.सा.ची प्रार्थना लांब असते. मी डोळे मिटून नातीचाच विचार करत होते, तिच्या पायाच्या बोटांचा, एक करंगळी दुसरीवर चढलेली आहे. शेवटी कानावर आलं, "...आणि आमच्या या आजीला, प्रभो, याच लेकरांच्या सेवेत शेवटपर्यंत ठेव." आणि सवयीने मी म्हटलं, आमेन. सगळ्यांच्या आधी. सगळ्यांत मोठ्याने.
मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

१६ फेब्रु.
पाळकबाईंचा फोन. "आजी, किती छान आमेन म्हणालात हो! आम्हाला तर रडूच आलं." मला पण येतंय, म्हटलं. त्यांना वाटलं आनंदाचं.
मनीला सांगितलं नाही. तिने नुसतं विचारलं, "तिकीट काढलंस?" मी म्हटलं, बाळाला दाखव आधी.
आमेन म्हणजे देवासमोर दिलेला शब्द. मनीला दिलेला पण शब्दच. दोन शब्दांच्या मधे मी. शाल चांगली ऊबदार आहे, हैदराबादच्या उन्हाळ्यात काय करू तिचं.

२२ फेब्रु., रवि.
ठरवलं, रूथला पक्की तयार करायची. आज येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट तिला सांगायला दिली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "जक्कय झाडावर चढला." मी हळूच म्हटलं, उंबराचं झाड म्हण. मग म्हटलं, तो बुटका होता, गर्दीत त्याला येशू दिसेना, ते आधी सांगायचं, नाहीतर चढला का ते कसं कळणार? मग प्रशांतला उभं करून मीच झाड केलं त्याचं, दोन्ही हात वर. लेकरं खिदळायला लागली. गोष्ट रंगली. शेवट मीच केला, ओघात होऊन गेला.
रूथ खडू गोळा करायला लागली. दमली असेल.

२५ फेब्रु.
रूथ घरी आली. दुकानातून थेट, चप्पल दारातच, आत बसेना. मला ती तेलुगूत आजी म्हणते, अव्वा. "अव्वा, मी रविवारपासून नाही येत." का गं? "नको, राहू दे." मी खोदून खोदून विचारलं, पोहे पुढे ठेवले. तेव्हा बोलली.
"गोष्ट मी सुरू करते, संपवता तुम्ही. लेकरं बघतात तुमच्याकडे, मी बोलत असले तरी. सुवार्ता पण हेच म्हणायची. तुम्ही बसलात की मला वाटतं मी तुमची गोष्ट चोरून सांगतेय."
"अगं, मी मदत करते."
"हौ अव्वा. तेच तर."
पोहे खाल्ले नाहीत. झाकून ठेवले, रात्रीला मीच खाल्ले.

२६ फेब्रु.
सुवार्ता पण म्हणायची? नांदेडला फोन लावला. आधी तिच्या सासूची चौकशी, मग हवापाणी, मग विचारलं. ती खूप वेळ "तसं नाही आजी, तसं नाही" करत राहिली. म्हणजे तसंच.
मी इथे अडकलेय ते पा.सा.मुळे नाही, आमेनमुळे पण नाही. दार मीच अडवून बसलेय. मी हलले तर रूथ राहील. पण मी हलले तर दुसरं माणूस कोण?

१ मार्च, रवि.
एलियाभाऊंना धरलं. बस चालवून रिटायर झालेले, चर्चची घंटा तेच वाजवतात. म्हणाले, "अम्मा, मेरेकू क्या आता? ज़िंदगीभर बस चलाया मैं."
"काही यायला नको भाऊ. नुसतं बसायचं. गप्प."
"गप्प बसायला काय शिकायचं?"
तुम्हाला नाही, मला शिकायचंय, मी मनात म्हटलं.
पा.सा. म्हणाले, मोठं माणूस ते मोठं माणूस, चालेल. रूथच्या दुकानात जाऊन सांगितलं, मी वर्गात बसणार नाही, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत करून बघ. ती साडीच्या काठाकडे बघत म्हणाली, "बघते." हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही.

८ मार्च, रवि.
दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, टोपी घेऊन. आत गडबड. एलियाभाऊ घोरताना ऐकू आले. लेकरांनी बसचा हॉर्न काढून उठवलं त्यांना. रूथ बायबलातलं वचन चुकली. मी उठले, आत डोकावले, "पुढचं असं गं," म्हटलं.
रूथने माझ्याकडे बघितलं नुसतं.
टोपीचे टाके सुटले होते. उसवून पुन्हा सुरू.

१५ मार्च, रवि.
खुर्ची आज जिन्याखाली नेली. तिथून शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो. शब्द कळेनात म्हणून जास्तच जीव तुटतो. नातीचं पण तसंच, फोनमध्ये रडते, भूक लागली की पोट दुखतंय ते इथून कसं कळावं? आज मनीला सगळं सांगितलं. हसली. "आई, मला स्वयंपाक शिकवताना पण पळी तू सोडायची नाहीस." खरंच का? मला आठवत नाही. तिला पोळ्या येतात की नीट!

२१ मार्च
जावईबापूंनी तिकीट काढून पाठवलं. ३० तारखेची दुपारची गाडी. खालची जागा मिळाली. झावळ्यांनंतरही वर्ग घेशील का, हे रूथला अजून विचारलेलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाली तर?

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
लेकरं झावळ्या घेऊन चर्चभर फिरली, होसान्ना होसान्ना. प्रशांतने झावळी एलियाभाऊंच्या कानात घातली. मग वर्ग. रूथने येशू गाढवावर बसून शहरात आला ती गोष्ट घेतली. जिन्याखाली राहवेना, दारापर्यंत आले, पण भिंतीला चिकटून, दिसणार नाही अशी.
"दारापाशी एक शिंगरू बांधलेलं होतं. शिष्यांनी ते सोडलं." सावकाश सांगत होती. तेलुगू, हिंदी, मराठी, जो शब्द हाताला लागेल तो. मग प्रशांतचा आवाज, "टीचर, नंतर ते गाढव कुठे गेलं?"
आत पान उलटल्याचा आवाज.
मला उत्तर येत होतं. घरी गेलं, आईजवळ गेलं, गवत खाल्लं. मी दर वर्षी सांगते तेच. जीभ दातांखाली धरली. कडीला हात गेला होता, तो काढला.
रूथ म्हणाली, "मला नाही माहीत रे. तुला काय वाटतं?"
मग काय, सगळी ओरडायलाच लागली. येशूजवळच राहिलं. दमलं, झोपलं. अंबरपेठेला आलं! एलियाभाऊ पण बोलले, "ड्यूटी हो गई, डिपो को गया." इतक्या वर्षांत मी लेकरांना कधी "मला माहीत नाही" म्हटलं नाही.

वर्ग सुटल्यावर रूथला दुकानाची घाई, सणाची गर्दी. बस आली, चढली. पुढच्या रविवारचं तिने काढलं नाही, मी पण नाही. आज सणाच्या दिवशी विचारलं असतं तर तिने भिडेने हो म्हटलं असतं. तसलं हो नको. माझं आमेन तसलंच होतं.

वर्गाच्या कपाटाची किल्ली माझ्याच पदराला राहिली. चित्रं, खडू, बिस्किटांचा डबा, सगळं त्यात. उद्या सकाळी आबिड्सला जाऊन रूथपुढे ठेवीन. तिने उचलली तर मी दुपारच्या गाडीत.

मनीने आत्ता फोन केला. बाळ आज खरंच हसलं म्हणे, गॅस नाही. पिशवी भरलीय. टोपी झालीय, वरचा गोंडा तेवढा राहिलाय. गाडीत लावीन. नाहीतर इथेच.