डावा स्पीकर

प्रिय दादा,

तुला लिहायला बसते आणि उठते, असं कधीपासून चाललंय ते विचारूच नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू "बोल, पटकन बोल" म्हणतोस आणि माझं मुद्द्याचं राहूनच जातं. शिवाय बाबा शेजारच्याच खोलीत असतात. आत्ताही पेन शोधताना तुझी जुनी कंपासपेटी सापडली. आत कर्कटक, एक वाळलेलं खोडरबर आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण. अर्धा तास त्या बटणाचा शर्ट आठवण्यात गेला. बघ, हे असं होतं. मी फार थकलेय रे. बंदरावर पेट्या उतरवताना, जत्रेतल्या तंबूवाल्यांबरोबर गावोगाव हिंडताना अंग मोडून यायचं, पण पडल्या पडल्या झोप लागायची. इथे दिवसभर नुसती घरात असते आणि तरी अंगातला जीव कुणी काढून घेतल्यासारखं वाटतं.

तर बाबांचं. त्यांचे हात थरथरतात हे तुला माहीत आहे. पण त्यामुळे रेकॉर्डी बंद पडल्यात हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. सुई तबकडीवर टेकवायची तर हात हलता कामा नये ना, आणि यांची सुई धाडकन आपटायची. दोन-तीन चांगल्या रेकॉर्डींवर ओरखडे पडले तेव्हा त्यांनी प्लेअरवर टॉवेल टाकला तो टाकलाच. मी आले तेव्हा त्या टॉवेलवर इस्त्रीचे कपडे रचलेले होते. मी म्हटलं, मी लावून देते की. तर म्हणाले, "मला पाणी पाजायलाही माणूस ठेव मग." संपलं.

मग मी एक डबी आणली. फोनवर गाणं निवडायचं, डबीने ते इंटरनेटवरून घ्यायचं आणि बाबांच्याच अॅम्प्लिफायरमधून, त्यांच्याच मोठ्या स्पीकरांवर वाजवायचं. सुई नाही, धूळ नाही, बोट लावलं की सुरू. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू मी जावई पसंत करून आणलाय. पहिल्या दिवशी तर गंमतच झाली. जगातली सगळी गाणी समोर, आणि बाबांना एक धड ऐकवेना. थोडं वाजलं की पुढचं, ते वाजलं की त्याच्या पुढचं. शेवटी म्हणाले, "हे ऐकणं नाही गं, हे दुकानातून काही न घेता बाहेर पडणं आहे." मग मी त्यांच्याच कपाटासमोर बसून एकेक रेकॉर्ड काढली, तीच डबीवर शोधली आणि त्याच क्रमाने लावली. तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले. मधल्या खुर्चीत. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये, भिंतीपासून मोजून ठेवलेली, जिच्यावर आपण लहानपणी नुसतं दप्तर ठेवलं तरी घर डोक्यावर घ्यायचे ती.

आणि त्यांनी जाहीर केलं, "डावा स्पीकर गेलाय. व्हायोलिन कुठाय? सगळं गाणं उजवीकडे कललंय."

दादा, त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. वायरी बदलल्या. डबी बदलून आणली. दुकानदार मला पाहिलं की मागच्या खोलीत जायला लागला. मी गुडघ्यांवर, अॅम्प्लिफायरच्या मागे, नाकात जळमटं, आणि बाबा खुर्चीतून, "अजून नाही. अजून नाही. तुझ्या त्या डबीतच खोट आहे, रेकॉर्ड असं करत नाही." बरं, मला तिथून, जमिनीवरून, काय कळणार? पण खरं सांगू, त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं जन्मात बोललो नव्हतो. शिव्याच जास्त, पण बोललो.

शेवटी वैतागून मी दोन स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. स्पीकर बिघडला असेल तर गाणं आता दुसरीकडे कलायला हवं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "डावीकडचंच बंद आहे." ते आंघोळीला गेले तेव्हा मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. व्हायोलिन डावीकडे होतं. इतकं स्वच्छ, की गज तारेवरून उचललेला कळत होता. मला तिथून उठवेचना.

स्पीकर धड होता, दादा. बाबांचा डावा कान गेलाय.

मला ते तोंडावर सांगता आलं नाही. फोनमध्ये एक सोय असते, दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र करून दोन्हीकडे सारखंच सोडायची. ती मी गुपचूप चालू केली. रेकॉर्डवर हे जमलं नसतं, तेवढं डबीच्या बाजूने बोलते. व्हायोलिन आलं तसे बाबा ताठ बसले, मग हळूच मागे टेकले. चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. "काय केलंस?" मी म्हटलं, वायर सैल होती. आता ते वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगतात, पोरीने स्पीकर दुरुस्त केला.

पण रस्त्याला कुठली सोय चालू करू? परवा चौकात डावीकडून टेम्पो हॉर्न वाजवत आला आणि हे आपले रमतगमत. मी बाही धरून ओढलं तर माझ्यावरच खेकसले. म्हणून हे पत्र. तू ये आणि त्यांना सांग. कानाच्या डॉक्टरकडे ने. तुझं ऐकतात. माझ्या तोंडून ऐकलं तर घरात टिकत नाही ती मुलगी मला काय शिकवते, म्हणतील. आणि मला जायचंय रे. बंदरावरून पुन्हा बोलावणं आलंय, या आठवड्यात हो म्हणायला हवं. तू आलास तर सुटेन, एवढंच

थांब, दार वाजलं.

दादा, आत्या आलीय! बाबांची थोरली बहीण, जी गुडघ्यांपायी स्वतःचा जिना उतरत नाही, ती, बॅग घेऊन, रिक्षावाल्याशी भांडत! मी पाणी देऊन आत आले, तुझं पत्र पुरं करते म्हणून. ती नेमकी बाबांच्या डावीकडे बसलीय आणि बोलत सुटलीय. आत्ता म्हणाली, "अरे बाळ्या, भिंतीशी बोलतेय का मी?" आणि बाबा म्हणाले, "या बाजूला ये, आक्का. तो कान गेला. झालं वर्ष." आत्या म्हणाली, "आणि पोरीला?" बाबांना वाटतंय ते कुजबुजताहेत, पण भिंतीपलीकडे मला शब्दन् शब्द ऐकू येतोय. "तिला नको सांगू. वायरी बदलत होती तोवर घरात राहिली. मीही म्हटलं, बदलू दे. आता स्पीकर दुरुस्त झाला, आता जाईल."

तू ये, दादा. पण मला सोडवायला म्हणून नको, नुसता ये. मी बंदरावर कळवते, मला अजून वेळ लागेल म्हणून. आता बाहेर जाते, त्यांच्या उजवीकडे बसायला.

तुझीच,
बाबांच्या भाषेत, भटकभवानी